उसना आवाज, स्वतःचा चेहरा : किशोरवयीनांच्या माध्यमांतील स्वप्रतिमेचे वाचन

प्रस्तावना

मराठी शाळांतून निबंधाचा एक प्रकार पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'पूरग्रस्ताचे मनोगत', 'मी नदी बोलते आहे' ही त्याची नित्याची शीर्षके. आठवी-नववीतील विद्यार्थी या निबंधात 'मी' हे सर्वनाम पानभर वापरतो. परंतु तो 'मी' त्याचा नसतो. पुस्तकाचे दुःख, नदीची व्यथा, शेतकऱ्याची कैफियत तो लिहितो आणि दहापैकी सात-आठ गुण मिळवतो. त्याच विद्यार्थ्याला स्वतःच्या घराविषयी, गल्लीविषयी, मित्रांविषयी, अंगातल्या शर्टाविषयी लिहावयास सांगणारा प्रश्न क्वचितच येतो. आलाच तर तो 'माझा आवडता छंद' या शीर्षकाखाली येतो आणि 'वाचन' हे उत्तर आधीच ठरवून येतो.

हीच मुले शाळेबाहेर स्वतःविषयी अखंड बोलत असतात. पंधरा सेकंदांची चित्रफीत, व्हॉट्सअ‍ॅपवरील स्टेटस, प्रोफाइलवरील छायाचित्र, चौकात लागलेला वाढदिवसाचा फ्लेक्स ही त्यांच्या आत्मकथनाची आजची रूपे आहेत. या रूपांकडे अध्यापकवर्ग बहुधा व्यसन म्हणून पाहतो. 'मोबाइलच्या अतिवापराचे दुष्परिणाम' या विषयावरील शोधनिबंधांत प्रश्नावली असते. विद्यार्थी दिवसाचे किती तास मोबाइल वापरतो हे ती विचारते. त्या तासांत त्याने काय रचले, काय पुसले, कोणासाठी केले आणि कोणापासून लपवले हे ती विचारत नाही. एखादा कवी रोज किती तास लिहीत असे एवढेच मोजून थांबणाऱ्या समीक्षकाला समीक्षक म्हणून कोणी मान्यता देणार नाही. येथे मात्र तेवढ्यावर काम भागते.

प्रस्तुत लेखात किशोरवयीनांच्या या स्वप्रतिमेचे वाङ्मयीन अंगाने वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी प्रौढांनी रेखाटलेले किशोरवय आणि किशोरवयीनांनी स्वतः मांडलेले किशोरवय एकमेकांसमोर ठेवले आहे. पहिल्यासाठी मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी आणि नागराज मंजुळे यांचे 'फँड्री' व 'सैराट' हे चित्रपट विचारात घेतले आहेत. दुसऱ्यासाठी टिकटॉकवरील व त्यानंतरच्या लघुचित्रफिती, स्टेटस आणि फ्लेक्स.

आठवणीतले किशोरवय

मराठी साहित्यात किशोरवयाची वाण नाही. प्रकाश नारायण संत यांचा लंपन 'वनवास' (१९९४) पासून चार कथासंग्रहांतून वाढत गेला. 'शाळा' २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अल्पावधीत तिने मोठा वाचकवर्ग मिळवला. पुढे सुजय डहाके यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि २०११ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कादंबरीचा काळ आणीबाणीचा आहे. नववीत शिकणारा मुकुंद जोशी निवेदन करतो. भाषा त्याच्या वयाची, वर्गातल्या मागच्या बाकांवरची आहे. प्रत्यक्षात ती लिहिली गेली जवळजवळ तीन दशकांनंतर. जोशीच्या तोंडची भाषा म्हणूनच दुहेरी आहे. शब्द मुलाचे असून निवड प्रौढाची आहे. कोणता प्रसंग ठेवावा, कोणता गाळावा, शिरोडकर या मुलीविषयीची ओढ किती हळुवार राखावी, याचे निर्णय स्मृती घेते आणि स्मृतीला नववीची परीक्षा द्यावयाची नसते.

हा कादंबरीचा दोष नव्हे. तिचे बळ त्यातच आहे. परंतु तिच्या लोकप्रियतेने एक गोष्ट घडवली. किशोरवय म्हणजे सरून गेलेली हुरहूर, असा एक संकेत मराठी वाचकाच्या मनात पक्का झाला. चाळिशीतल्या वाचकाला जोशीत आपण सापडलो. आज पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलाला आपण कोठे सापडावे, हा प्रश्न त्या आनंदात मागे पडला.

एरिक एरिक्सन यांनी 'आयडेंटिटी : यूथ अँड क्रायसिस' (१९६८) या ग्रंथात किशोरवयाला समाजाने दिलेल्या मुदतीची कल्पना मांडली आहे. प्रौढपणाची बांधिलकी येण्यापूर्वी निरनिराळ्या भूमिका अंगावर घालून पाहण्याची, त्या टाकून देण्याची मुभा या काळात मिळते. जोशीला ती मुभा आहे. तो शहाणा होऊन पाहतो, टवाळ होऊन पाहतो, प्रेमिक होऊन पाहतो. नरूमामासारखा मोठा माणूस त्याच्याशी बरोबरीने बोलतो. घरात धाक आहे, पण पायाखालची जमीन सरकत नाही. मराठी मध्यमवर्गाने ही मुदत इतकी गृहीत धरली आहे की ती सर्वांनाच मिळते, असे त्याला वाटत आले आहे.

दगड आणि कॅमेरा

'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला आणि या गृहीतकाला तडा गेला. कैकाडी कुटुंबातील जब्याला जीनची पँट हवी आहे. शालू या सवर्ण मुलीच्या नजरेत आपण कसे दिसतो, एवढीच त्याची चिंता आहे. शिरोडकरसमोर जोशीची जी चिंता असते, तीच ही. फरक असा की जब्याला भूमिका घालून पाहण्याची मुदत नाही. त्याची भूमिका गावाने आधीच ठरवली आहे. डुक्कर पकडणे हे त्याच्या कुटुंबाचे काम आहे आणि ते शाळेच्या आवाराजवळ, वर्गमित्रांच्या आणि शालूच्या देखत करावे लागते.

या दीर्घ प्रसंगात राष्ट्रगीत सुरू होताच सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते आणि हाती आलेले डुक्कर निसटते. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. डुकराला खांद्यावर घेऊन जाताना मागे भिंतीवर दिसणाऱ्या डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले आणि गाडगेबाबा यांच्या चित्रांविषयीही लिहिले गेले आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेला तपशील म्हणजे त्या प्रसंगातला मोबाइल. बघ्यांपैकी तरुण पोरे ही झटापट छायाचित्रात टिपतात आणि फेसबुकवर चढवतात. किशोरवय आणि कॅमेरा यांची ही मराठी पडद्यावरची गाठ सुखाची नाही. कॅमेरा जब्याच्या बरोबरीच्या वयाच्या हातांत आहे, पण जब्याच्या हातात नाही. जो स्वतःची प्रतिमा जीनच्या पँटीपासून कणाकणाने जुळवत होता, त्याची प्रतिमा दुसऱ्यांनी एका क्षणात तयार केली आणि वाटून टाकली.

अखेरीस जब्या दगड भिरकावतो आणि तो पडद्याच्या दिशेने, प्रेक्षकाच्या दिशेने येतो. त्याचे स्पष्टीकरण बहुधा व्यवस्थेविरुद्धचा उद्रेक म्हणून केले जाते. ते खरे आहे. पण पुरेसे नाही. दगड पाहणाऱ्यावर येतो. आपल्याला कोणी, केव्हा, कोणत्या अवस्थेत पाहावे हे ठरवण्याचा अधिकार तो मागतो आणि स्वप्रतिमेच्या प्रश्नाचे मूळ याच अधिकारात आहे. 'फँड्री'नंतर अवघ्या काही वर्षांत हा अधिकार स्वस्त मोबाइलच्या रूपाने असंख्य जब्यांच्या हाती आला. तो पुरता आला का, हे पुढे पाहावयाचे आहे.

ओठांची भाषा

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा दर एकाएकी कोसळला. ऑगस्ट २०१८ मध्ये म्युझिकली हे उपयोजन टिकटॉकमध्ये विलीन झाले. पुढच्या दोन वर्षांत उसाच्या फडात, कांद्याच्या चाळीसमोर, गोठ्यात, एसटी स्थानकावर, वर्गाच्या रिकाम्या तासाला मराठी मुले स्वतःला चित्रित करू लागली. भारतात या उपयोजनाचे सुमारे २० कोटी वापरकर्ते असल्याचे त्या वेळी सांगितले जात होते. येथे ओळखीचे अनुयायी नसले तरी चित्रफीत अनोळखी माणसासमोर जाऊ शकत असे. ज्याला गावात कोणी बोलू देत नाही, त्याला गावाबाहेरचा प्रेक्षक मिळण्याची ही वाट होती.

या चित्रफितींचा सर्वांत रूढ प्रकार ओठ हलवण्याचा होता. आवाज चित्रपटातला, गाण्यातला किंवा दुसऱ्याच कोणा मुलाचा. चेहरा, कपडे, जागा आणि हावभाव स्वतःचे. टीकाकारांनी याला नक्कल म्हणून मोडीत काढले. मौलिकतेचा आग्रह धरणाऱ्यांना ते स्वाभाविक वाटले असेल. पण महाराष्ट्राच्या लोकपरंपरेत उसन्या आवाजाला कमी लेखलेले नाही. बहुरूपी दारात येतो तो पोलिसाचे सोंग घेऊन. दशावतारातला शेतकरी रात्रभर देव होतो आणि सकाळी शेतावर जातो. सोंगात रस असतो तो सोंग आणि सोंगाड्या यांच्यातल्या फटीत. प्रेक्षकाला दोन्ही एकाच वेळी दिसत असतात. खलनायकाचा दरडावणीचा संवाद शाळेच्या गणवेशातला, मिसरूडही न फुटलेला मुलगा म्हशीला उद्देशून 'म्हणतो', तेव्हा तो खलनायक होऊ पाहत नाही. त्या संवादाचा डौल आणि आपले वास्तव यांतले अंतर त्याला ठाऊक असते आणि ते तो प्रेक्षकाला दाखवतो. मराठी निबंधाच्या वहीनेही त्याला दुसऱ्याच्या तोंडून बोलायलाच शिकवले होते. तेथे म्हैस मागे उभी नव्हती, एवढाच फरक.

याचा अर्थ प्रत्येक चित्रफीत ही कला होती, असा नाही. बहुसंख्य चित्रफिती कंटाळवाण्या, एकमेकींसारख्या आणि काही हीन अभिरुचीच्या होत्या. मुलींची टिंगल, अपंगांची टिंगल, जातीचा तोरा मिरवणारी गाणी हेही सारे तेथे होते. पैशाची गड्डी, भाड्याची गाडी, कोणाकडून मागून आणलेला गॉगल यांतून उभा केलेला रुबाब हा जब्याच्या जीनच्या पँटीचाच पुढचा अवतार. जब्याची पँट मात्र एका मुलीसाठी होती. हा रुबाब आकड्यासाठी आहे. आपण कोण, याचे उत्तर किती जणांनी पाहिले या संख्येत शोधण्याची सवय या माध्यमाने लावली, हे नाकारता येणार नाही. अर्विंग गॉफमन यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात दैनंदिन जीवनातील सादरीकरणाचा विचार रंगमंच आणि पडद्यामागची जागा या रूपकातून केला आहे. माणूस लोकांसमोर भूमिका करतो, कारण पडद्यामागे ती उतरवण्याची सोय असते. गोठा आणि स्वयंपाकघर हीच ज्याची रंगभूमी झाली, त्याची पडद्यामागची जागा कोणती? या मुलांच्या चित्रफिती पाहताना हा प्रश्न पाठ सोडत नाही. मागे चुलीजवळ बसलेली आई कधी हसते, कधी कॅमेरा दिसताच पदर सारखा करते. तिला कोणी विचारलेले नसते.

मे २०२० मध्ये यूट्यूब आणि टिकटॉक यांच्या चाहत्यांत वाद पेटला, तेव्हा टिकटॉकवरच्या मुलांची जी चेष्टा झाली तिचा मोठा भाग त्यांच्या भाषेची, रंगाची, कपड्यांची आणि घराच्या भिंतींची होती. शहरी तरुणांनी ग्रामीण व कष्टकरी तरुणांच्या स्वप्रतिमेवर दिलेला हा निकाल होता. पुढे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने सुरक्षिततेच्या कारणास्तव ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. बंदीच्या राजकीय कारणांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. वाङ्मयीन दृष्टीने मात्र एक हानी नोंदवणे आवश्यक आहे. एका पिढीने, बहुधा प्रथमच, स्वतःच्या हाताने आपल्या जगण्याचे जे चित्रण केले होते, ते एका रात्रीत त्यांच्याच डोळ्यांआड झाले. लंपन आणि जोशी ग्रंथालयात आहेत. या मुलांचे पंधरावे वर्ष कोठे पाहावे, हे सांगता येत नाही. नंतर मोज, जोश यांसारखी भारतीय उपयोजने आली. जुलै २०२० मध्येच इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि कालांतराने बरीचशी गर्दी तिकडे वळली. तेथे कवायत तीच राहिली, भिंती मात्र थोड्या स्वच्छ झाल्या.

चौकातला फ्लेक्स

स्वप्रतिमेचे माध्यम म्हणजे केवळ मोबाइल असे मानले, तर महाराष्ट्रापुरते वाचन अपुरे राहील. तालुक्याच्या गावी चौकात लागणारा वाढदिवसाचा फ्लेक्स हे येथील खास रूप आहे. अकरावी-बारावीतला मुलगा गॉगल लावून, कानाला मोबाइल धरून, कोठेतरी दूर पाहत उभा असतो. वर महापुरुषांच्या आणि नेत्यांच्या प्रतिमा. खाली चौकटी-चौकटींत मित्रांचे चेहरे व 'शुभेच्छुक' म्हणून नावांची रांग. नावापुढे 'युवा नेते' किंवा 'भावी' असे काहीतरी विशेषण. वरवर हास्यास्पद वाटणाऱ्या या फलकाची रचना विचारपूर्वक आहे. तो मुलगा वरच्यांशी आपले नाते सांगतो, खालच्यांचा आधार दाखवतो आणि मधल्या जागेत स्वतःला उभे करतो. 'मी कोण' या प्रश्नाला त्याचे उत्तर 'माझ्यामागे कोण' असे आहे. आत्मचरित्राच्या पाश्चात्त्य कल्पनेतला एकटा 'मी' येथे शोधून सापडणार नाही.

यातील विसंगतीही तितकीच बोलकी आहे. फ्लेक्सवर डॉ. आंबेडकर, छत्रपती शिवाजी महाराज किंवा अहिल्यादेवी होळकर यांपैकी कोणाची प्रतिमा आहे, यावरून वाटसरूला मुलाची जात पुष्कळदा अदमासता येते. मुलाला बहुधा तेच अभिप्रेत असते. एरिक्सन यांनी सांगितलेली भूमिका बदलून पाहण्याची मुभा येथे स्वेच्छेने सोडून दिलेली दिसते. ओळख घडण्याच्या वयात तयार ओळख अंगावर घेण्याची ही घाई का, याचे उत्तर केवळ माध्यमात मिळणार नाही. शेती, नोकरी आणि गावातले राजकारण यांत ते शोधावे लागेल. तेवढा आवाका या लेखाचा नाही.

स्टेटसची तऱ्हा याच्या उलट आहे. फ्लेक्स सर्वांसाठी असतो. स्टेटस दिसते सर्वांना, पण असते एकासाठी. 'समजणाऱ्याला समजले' या थाटातला मजकूर चोवीस तास राहतो आणि नाहीसा होतो. अमेरिकी अभ्यासक डॅना बॉइड यांनी 'इट्स कॉम्प्लिकेटेड' (२०१४) या पुस्तकात किशोरवयीन मुले उघड्यावर राहूनही अर्थ कसा लपवतात हे दाखवले आहे. आईवडील, शिक्षक, मित्र हे निरनिराळे प्रेक्षक एकाच पडद्यासमोर आल्यावर शब्द सर्वांना दाखवावा आणि अर्थ एकालाच द्यावा, ही युक्ती त्यांनी शोधली. मराठीत या युक्तीला टोमणा हा जुना शब्द आहे आणि जात्यावरच्या ओव्यांत सासुरवाशिणीने तिचा वापर फार पूर्वीच केला होता. सासूच्या कानावर पडावे, पण बोट ठेवता येऊ नये, असे ते बोलणे असे.

न दिसणाऱ्या मुली

आतापर्यंतच्या विवेचनात 'मुलगा' हा शब्द पुन्हा पुन्हा आला, तो केवळ सवयीने नाही. चौकातल्या फ्लेक्सवर त्याच वयाची मुलगी दिसते ती बहुधा दहावी-बारावीच्या गुणांमुळे, म्हणजे शाळेने किंवा खासगी शिकवणीच्या वर्गाने लावलेल्या फलकावर. तेथेही तिच्या चेहऱ्याखाली तिची टक्केवारी असते. स्वतःच्या वाढदिवसाला, केवळ आपण आहोत म्हणून चौकात उभी राहिलेली मुलगी विरळा.

'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये आला तेव्हा आर्चीच्या रूपाने हा संकेत काही काळ मोडला. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आवडलेल्या मुलाकडे टक लावून पाहते. भूमिका करणारी रिंकू राजगुरू ही स्वतः अकलूजची शाळकरी मुलगी होती. तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखाचा मान मिळाला. पुढे आर्चीचे संवाद ओठांवर घेऊन असंख्य मुलींनी चित्रफिती केल्या. उसना आवाज येथे वेगळे काम करतो. जे वाक्य स्वतःच्या आवाजात घरात उच्चारता येणार नाही, ते आर्चीच्या आवाजात उच्चारता येते आणि कोणी जाब विचारलाच तर 'पिक्चरमधला डायलॉग आहे' असे म्हणून सुटताही येते. मुलाचे सोंग त्याला मोठे करते. मुलीचे सोंग तिला आडोसा देते.

परंतु आर्चीचा डौल तिच्या वडिलांच्या पाटीलकीवर उभा आहे, हे चित्रपट विसरू देत नाही. हैदराबादेत गेल्यावर तो डौल गळून पडतो आणि बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काम करणारी, हिशेबाने जगणारी बाई उरते. ती आईला फोन करते. माहेराशी तुटलेला धागा पुन्हा जुळतो आणि त्यानंतर माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात. आपण कोठे आहोत, कशा आहोत, हे कळवणे एवढीच तिची चूक. किशोरवयीन मुलीच्या स्वप्रतिमेची चर्चा करताना संमती, वय आणि खासगीपणा यांविषयीचे कायदे पुढे केले जातात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. कंपन्यांना आवर घालण्यासाठी ती तरतूद योग्यच आहे. ज्या घरात मुलीला सर्वाधिक भय पालकांचेच आहे, तेथे त्या संमतीचा अर्थ काय होतो, हे मात्र कायद्याच्या भाषेत सांगितलेले नाही.

म्हणून कनिष्ठ महाविद्यालयातील मुलींची प्रोफाइलवरची छायाचित्रे सावकाश पाहावीत. फूल, देवाची मूर्ती, एखादी अभिनेत्री, लहानपणचा फोटो. स्वतःचा असलाच तर पाठमोरा, किंवा ओढणीने डोळ्यांपर्यंत बांधलेला चेहरा, किंवा खिडकीच्या गजावर ठेवलेला मेंदीचा हात. नाव अर्धे, आडनाव नाहीच. मुलगे जेथे न मिळालेले सर्व काही मिरवतात, तेथे या मुली असलेले सर्व काही झाकून ठेवतात. आणि तरीही रोज, न चुकता, काहीतरी लावतात. वार्षिक अंकातील वर्गाच्या छायाचित्रात हीच मुलगी पहिल्या रांगेत, नाव-आडनावासह, समोर पाहत बसलेली असते. घरी तिच्या मोबाइलवर त्या दिवशी मेंदीचा हात काढून पावसाचे ढग लावलेले असतात आणि खाली एकही शब्द नसतो.